मुठीवरचा टॉवेल

“आप्पा, ही माझी मान. संभाळा.”

एवढं म्हणून मायाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला, ब्रेकरच्या मुठीला त्याचे दोन वेढे घातले आणि कमरेचा पट्टा तपासायला लागला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. एप्रिल महिना. बोरवंडीच्या सबस्टेशनचा पत्रा तेवढ्यातच तडतडायला लागला होता.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तिथं यंत्रचालक होतो. नाव भारदस्त असलं तरी काम साधं. चार लोखंडी कपाटं, म्हणजे ब्रेकर, आणि चार लायनी. प्रत्येक कपाटावर मुठीत मावेल एवढी एक मूठ. डावीकडं फिरवली की दहा-बारा गावं अंधारात, उजवीकडं फिरवली की उजेडात. बंद करायला एक झटका पुरायचा. चालू करताना मात्र आतली स्प्रिंग आधी भरावी लागायची. ती भरणारी मोटार जळून वर्ष झालं होतं, त्यामुळं मुठीखालच्या भोकात दांडा घालून मी ती हातानं पिळायचो. बावीस फेरे. एकविसाव्या फेऱ्याला काही होत नसे, बाविसाव्याला आत ‘खट्’ वाजायचं आणि मग मूठ फिरवायची.

मायाप्पा गडदे आमचा लायनमन. तारेला हात लावण्याआधी त्यानं माझ्याकडं यायचं, वहीत सही करून परमिट घ्यायचं, मी लायन बंद करायची. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच येऊन दुसरी सही करायची. तोवर कुणीही कितीही आदळआपट केली तरी मुठीला हात लावायचा नाही. हा झाला नियम. टॉवेल ही मायाप्पाची स्वतःची भर. “वही टेबलावर मिटल्याली आसती आप्पा,” तो म्हणायचा, “टावेल डोळ्याम्होरं आसतो.” हिरव्या चौकड्यांचा टॉवेल, एका कोपऱ्याला विडीनं पडलेलं भोक. तीन वर्षांत ते आम्हा दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की वही उघडून बघायची सवयच मोडली होती. टॉवेल आहे म्हणजे मायाप्पा वर. टॉवेल नाही म्हणजे मायाप्पा खाली.

त्या दिवशी मला ते तसं आवडलं नव्हतं. एरवी बाहेरच्या आवारात लायन तोडणारा आणखी एक खटका असतो, तो गंजून चार महिने अडकला होता. पोलवर काम करताना तारा जमिनीला जोडायची साखळी असते, ती शेजारच्या गावची माणसं घेऊन गेली होती. म्हणजे वीज आणि मायाप्पा यांच्यामध्ये त्या दिवशी फक्त ती एक मूठ होती.

“साखळी आल्यावर चढ की,” मी म्हणालो.

“ती लोकं कवा आनून देनार? बिरादाराच्या घरात आज लगीन हाय. पोलवरल्या तारा जोडनारा जंपर जळालाय, हिरीवरली मोटार बंद हाय. पाचशे मानूस जेवायचंय.” त्यानं पट्टा खांद्यावर टाकला. “आन् तुमी हाय की हितं.”

मायाप्पाला एक गोष्ट माहीत नव्हती. ती कुणालाच माहीत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी तालुक्याला कसलंसं आरोग्य शिबिर होतं. फुकट आहे म्हणून मी रांगेत उभा राहिलो. डॉक्टर नाडगौडा बाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला.

“वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही चालत आलात?”

“हो. का?”

“घरात कुणाला होतं?”

मी वडलांचं सांगितलं. माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बांधावरच्या भांडणात बोलता-बोलता खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. अर्धं अंग गेलं. सहा वर्षं आई त्यांना चमच्यानं भरवायची आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पेज गळायची. मी तेव्हा शाळकरी होतो. त्यांचं तोंड पुसायचं काम माझ्याकडं असायचं. आता मला सत्तेचाळीस पूर्ण झाली होती.

“टेन्शन आलं तर काय करता?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. गप बसतो.”

“गप बसल्यावर ते जातं कुठं, बघितलंय का कधी?” त्यांनी चिठ्ठी लिहिली. “रोज सकाळी एक गोळी. डोकं दुखो न दुखो. चुकवायची नाही.”

चुकवायची नाही म्हणाल्या आणि मी चुकवायला लागलो. एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते, हे मी चारचौघांत ऐकलं होतं. म्हणून डोकं जड वाटेल त्या दिवशीच घ्यायचो. पाकीट सायकलच्या हत्यारांच्या पिशवीत लपवलं होतं. बायकोला, सुमतीला, सांगितलं नाही, कारण ती आईला सांगणार आणि आई धसका घेणार. ऑफिसात सांगितलं नाही, कारण बीपीवाल्याला मुठीपाशी कोण ठेवणार? कुठल्या तरी लांबच्या गोदामात खिळे मोजायला टाकतील, अशी भीती. भीती सगळीकडूनच होती. रोज दाढी करताना मी आरशात हसून बघायचो. दोन्ही कोपरे सारखे वर गेले की दिवस सुरू करायचा. सुमती एकदा म्हणाली, “या वयात आरशात कुणाला बघून हसताय?” मी म्हणालो, तुझ्या नशिबाला. ती हसली. मी नाही हसलो.

टेन्शनवर उपाय म्हणाल तर मी माझा शोधून काढला होता. ते लोडशेडिंगचे दिवस. बारा-बारा तास वीज नसायची आणि शिव्या खायला अख्ख्या तालुक्याला मी एकटा सापडायचो. फोनवर कुणी तापलं की मी रिसीव्हर हळूच टेबलावर आडवा ठेवायचो. तो तिथं किरकिरत राहायचा, मी डोळे मिटून वीस श्वास मोजायचो, मग उचलून म्हणायचो, “हो, बघतो.” समोरचा तोवर थकलेला असायचा. या युक्तीचा मला मोठा अभिमान होता.

त्या दिवशी बसगोंडा बिरादाराचा पहिला फोन अकराला आला. हा नवऱ्या मुलाचा चुलता.

“आप्पा, लायन कवा सोडताय?”

“काम चालू आहे. मायाप्पा गेलाय.”

“बारापतूर व्हतंय का?”

“बघतो.”

दुसरा बाराला. तिसरा साडेबाराला, आणि त्यात आवाज चढलेला. “पावणं ताटावर बसल्यात, हात धुवायला पानी न्हाई! काय झोपलाय काय तितं?” मी रिसीव्हर आडवा ठेवला. वीस श्वास मोजले. उचलला तर तो अजून बोलत होता. पुन्हा ठेवला. पुन्हा वीस. चौथा एकला, पाचवा सव्वाला. त्यात आता बायकांचा गलका, पोरांची रडारड आणि कुणीतरी मागून देत असलेल्या आईवरच्या शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. मायाप्पाचा पत्ता नव्हता. मोबाइल त्याच्याकडं होता, पण त्या माळावर रेंज मिळायची ती फक्त खंडोबाच्या टेकडीवर.

दीडच्या सुमाराला मला डाव्या कानात ठोके ऐकू यायला लागले.

आधी वाटलं, बाहेर कुणी पत्रा ठोकतंय. मग मान वळवली, ठोके माझ्याबरोबर वळले. मीटरवरचा आकडा वाचायला गेलो तर आकड्याच्या जागी चमचमणारी वाकडी रेघ दिसली. डाव्या हाताची दोन बोटं बधिर. आलं, मी मनात म्हणालो. आलं ते. वडलांना असंच आलं असेल, त्यांनाही असंच एकट्याला कळलं असेल.

मीटरच्या काचेत तोंड बघायला गेलो. हसून बघितलं. काच धुळीनं भरलेली, कोपरे दिसेनात. बाहीनं पुसली, पुन्हा हसलो. डावा कोपरा खाली वाटला. का वाटला, की खरंच होता? बोटानं चाचपला. लाळ आहे का बघितली. घसा कोरडा ठणठणीत होता आणि मी लाळ शोधत होतो.

कुणाला बोलवावं? फोन टेबलावर होता. पण काय सांगायचं? सुमतीला सांगावं तर ती किंचाळेल. साहेबांना सांगावं तर तीन आठवडे लपवलेलं बाहेर येईल. मरायची भीती आणि कळायची भीती, दोन्ही छातीवर बसल्या होत्या. त्यातच फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. तो थांबेना.

मग आई आठवली. वडलांचं डोकं तापलं की ती ओलं फडकं डोक्यावर ठेवायची. मी धडपडत उठलो, हाताला लागलं ते फडकं ओढलं आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. आवारातल्या टाकीचा नळ सोडला, फडकं भिजवलं, तसंच निथळतं डोक्यावर घेतलं आणि पायरीवर बसून डोळे मिटले. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. एक श्वास, दोन श्वास. आत फोन वाजत होता. वीसला पोचलो, पुन्हा एकपासून सुरू केलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ठोके राहिले, पण लांब गेले. बोटांत मुंग्या आल्या, म्हणजे बोटं जिवंत होती. मी रडलो की पाणी ओघळत होतं, तेही आता आठवत नाही.

जीपचा आवाज आला तेव्हा मी अजून पायरीवरच होतो.

भिंतीला धरून आत गेलो. समोरच्या दारातून बसगोंडा बिरादार घुसला, मागं पाच-सहा जण, सगळ्यांच्या डोक्याला गुलाबी फेटे. बसगोंडाचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

“फोन का उचलत न्हाई वो?”

“मी… जरा बाहेर…”

“पावणं उपाशी उठून चाललीत! आमच्या घराची आब्रू जाया लागलीय आन् तुमी भाईर?”

“काम चालू आहे,” मी म्हणालो. जीभ जड वाटली. शब्द नीट आले का, याचाच विचार करत होतो. “मायाप्पा आल्याशिवाय…”

“मायाप्पा कवाच उतरलाय!” मागून एक फेटेवाला पुढं आला. “चावडीम्होरं च्या पीत हुता. म्या ह्या डोळ्यानं बगितला. इचारा त्येला, काम झालं का न्हाई.”

“ऐका,” बसगोंडा म्हणाला. “मानूस च्या पितोय आन् तुमी लायन दाबून बसलाय.”

मी मुठीकडं बघितलं.

मूठ उघडी होती. टॉवेल नव्हता.

आज मी तुम्हाला सांगू शकतो, की तेव्हा माझ्या डोक्यात काय-काय जुळत गेलं. मी मागं पायरीवर होतो तेव्हा मायाप्पा आला असणार. “आप्पा, झालं” म्हणाला असणार, माझ्या कानात ठोके वाजत होते म्हणून मला ऐकू आलं नसणार. टॉवेल घेऊन, तहानलेला, चहाला गेला असणार. सगळं बरोबर बसत होतं. वही टेबलावर, हाताच्या अंतरावर होती. तिच्याकडं मी बघितलंही नाही. टॉवेल नाही म्हणजे मायाप्पा खाली. तीन वर्षं कधी चुकलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं संपवायचं होतं. ही माणसं जावीत, फोन थांबावा, घरी जाऊन आडवं पडावं, एवढंच हवं होतं.

“सोडतो,” मी म्हणालो.

“सोडा, सोडा. देव भलं करील.”

मी दांडा घेतला, वाकलो, भोकात घातला आणि पिळायला लागलो. एक. दोन. तीन. श्वास मोजल्यासारखे फेरे मोजत होतो. सात. आठ. कानातले ठोके परत जवळ आले. अकरा. बारा. दांडा जड व्हायला लागला तसा मी आणखी वाकलो, अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकलं. पंधरा. सोळा. सतरा.

डोक्यावरून काहीतरी सटकलं आणि थपकन माझ्या हातांवर पडलं.

ओलं. गार. हिरव्या चौकड्या. कोपऱ्याला विडीचं भोक.

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं आपण बघतो आणि हसतो. मी त्या टॉवेलकडं बघत राहिलो. माझ्या डोक्यावर होता तो. अर्धा तास माझ्या डोक्यावर होता. मुठीवरून मीच ओढला होता.

पुढचं मला तुटक-तुटक आठवतं. दांडा भोकातून उपसून मी खिडकीबाहेर फेकला. जोरात, शत्रूला मारावा तसा. मग मी कपाटाला पाठ लावून खाली बसलो, दोन्ही हातांनी वरची मूठ धरून.

“काय झालं वो?” बसगोंडा वाकला. “आप्पा?”

“मायाप्पा वर आहे.”

“आवो पन ह्यो म्हनला की…”

“मायाप्पा वर आहे! पोलवर आहे!” मी ओरडलो. आपला आवाज इतका मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. “वही बघा. टेबलावर वही आहे. दुसरी सही आहे का बघा.”

बसगोंडानं वही उघडली. बोट ओळीवरून नेलं. सही एकच होती, शेजारची जागा कोरी. त्यानं वळून त्या फेटेवाल्याकडं बघितलं.

“कवा बगितला हुतास रं तू त्येला?”

“सकाळी,” तो पुटपुटला. “धाच्या सुमाराला. जाताना च्या पीत हुता.”

बसगोंडानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. माठातलं तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि जाताना दारात थांबून म्हणाला, “सावकाश व्हऊ द्या. टँकर बोलवतो आमी.” जीप गेली. मी मुठीवर टॉवेल परत गुंडाळला, वर गच्च गाठ मारली, आणि साडेचारपर्यंत तिथून हाललो नाही. फोन वाजला तरी नाही.

मायाप्पा मागच्या दारानं आला. चेहरा उन्हानं काळवंडलेला, खांद्याला पट्टा, हातात दांडा.

“झालं आप्पा. लई तरास दिला जंपरनं. ह्यो दांडा बाबळीत कसा पडला?”

त्यानं टॉवेल सोडायला हात घातला, गाठीपाशी अडला, मग हात मागं घेऊन बोटांकडं बघितलं.

“वल्ला हाय.” तो हसला. “धुतला व्हय? आमची बायकू बी धूत न्हाई एवडा.”

उत्तर त्यानंच माझ्या हातात दिलं होतं. हो म्हटलं असतं की संपलं असतं. दुपारभर मी हेच घोकत होतो: घामेजला होता, धुतला. बसगोंडा बोलला नसता, त्यालाच लाज होती. फक्त मान हलवायची होती.

“धुतला नाही,” मी म्हणालो. “डोक्यावर घेतला होता. मला बीपी आहे, मायाप्पा.”

मग सगळं सांगितलं. शिबिर, एकशे नव्वद, हत्यारांच्या पिशवीतल्या गोळ्या, वडलांची पेज, आरशातलं हसणं. उघडी मूठ. गुलाबी फेटे. तो उभ्यानं ऐकत होता. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं.

“किती वाजलं हुतं?”

“दोन वाजून दहा मिनिटं.”

तो आठवत राहिला. “तवा जंपर बांदत हुतो. दोनी हातात तार हुती.” मग विचारलं, “किती फेरं झालं हुतं?”

“सतरा.”

त्यानं बोटांवर मोजलं. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. एका हाताची बोटं संपली. तो ती बोटं बघत उभा राहिला.

“बाजूला व्हा,” तो म्हणाला.

वहीत त्यानं दुसरी सही केली. टॉवेलची गाठ सोडली. दांडा भोकात घातला आणि स्वतः पिळायला लागला, मोठ्यानं मोजत. सतराला थांबला. त्या थांबण्यात मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग अठरा म्हणाला. बाविसाव्याला ‘खट्’ झालं. मूठ त्यानंच फिरवली. दिवा लागला. त्यानं टॉवेल पिळून खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

घरी जाऊन सुमतीपुढं पाकीट ठेवलं. तिनं ते उजेडात धरलं, रिकामी घरं मोजली. “तीन आठवड्यांत चार गोळ्या?” एवढंच विचारलं. मग भांडी आवरता-आवरता, पाठमोरी, म्हणाली, “आत्याबाईंनी सहा वर्षं काढली. मी काढणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.” तिचे खांदे हालत होते. मी उठून गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तो साहेबांकडं गेला असेल, असं वाटून मी फोनकडं बघत बसलो, आणि शेवटी मीच फोन उचलला. साहेबांना बीपीही सांगितलं आणि सतरा फेरेही सांगितले. मग ते म्हणाले, “आज कुणालाही परमिट देऊ नका. मी येतोय.” दुपारी ते स्वतः आले, नवी साखळी घेऊन आणि गंजलेला खटका सोडवणारी माणसं घेऊन. मला मेमो दिला, आठ दिवस सक्तीची रजा दिली. मेमोवर सही घेऊन झाल्यावर त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. तीच गोळी. “पाच वर्षं झाली,” ते म्हणाले. “घरी सोडून कुणाला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.”

मायाप्पा मात्र साहेबांकडं गेलेलाच नव्हता. तो घरी होता, पोलवर चढत नव्हता, एवढं कळलं. रजेवरून मी परत आलो तेव्हा मला नोकरीची काळजी उरली नव्हती. एकच भीती होती: तो पुन्हा मला मान देईल का? आणि नाही म्हणाला तर त्याचं काय चुकलं?

नवव्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. खांद्याला साखळी. गळ्यात नवा लाल टॉवेल. आत आला नाही.

“गोळी घेतली?”

“घेतली.”

“दावा.”

मी पाकीट दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन त्या दिवसाचं घर रिकामं आहे का ते अंगठ्यानं दाबून बघितलं. आत आला. वही स्वतः उघडली, सही केली, मलाही करायला लावली. मी लायन बंद केली. टॉवेल गळ्यातून काढून तो मुठीपर्यंत आला आणि थांबला.

“हसा,” म्हणाला.

“काय?”

“हसा म्हनतोय न्हवं. आरशात बगता तसं. मला बगू द्या.”

मी हसलो. तो जवळ आला, इतका, की विडीचा वास आला. डावा कोपरा बघितला. उजवा बघितला. पोलवर चढण्याआधी तो दोर ओढून बघायचा तसं, घाई न करता. माझं तोंड दुखायला लागलं, तरी मी हसू सोडलं नाही. मग त्यानं मान हलवली आणि टॉवेलचे दोन वेढे मुठीला घातले.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं आमचं हे असंच चाललं. परमिट देण्याआधी मी मायाप्पासमोर हसायचो आणि तो टक लावून बघायचा. दारातून येणारे-जाणारे विचारायचे, सकाळी-सकाळी कसली एवढी गंमत चाललीय तुमची?